फाटकावरची पिशवी

वागियेमकाकू,

आमची मांजर, कुन्यित, उलट्या करत पडली, तेव्हा सगळी गल्ली म्हणाली, "शहाळ्याचं पाणी पाज." डॉक्टर फोनवर ओरडले, "तोंडात काही घालू नका. विष कोणतं ते बघा आणि लगेच या."

मी तुमच्याकडे धावले. "आमच्याकडे उंदरांचं औषध नाही गं," म्हणून तुम्ही दार लावलंत.

मांजर टोपलीत घालून निघाले, तर माझ्या फाटकावर पिशवी. लग्नाचा भात आपण घरोघरी लटकवतो तशी, तुमच्या त्या दुहेरी गाठीची. आत औषधाचं रिकामं पाकीट. ते वाचूनच डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं.

कुन्यित आता बरी आहे. आभार मानायचे तर पाकिटाचा विषय निघणार, म्हणून हे पत्र देत नाही. तुमच्या फाटकावर तळलेलं तेंपे, सोयाबीनच्या वड्या, लटकवलंय. पिशवी नवी आहे, ती औषधाची नव्हे.

शेजारची,
लास्त्री