गाडी उचलत नव्हती

९ नोव्हेंबर, रविवार
विलास गेल्यापासून गाडी ताडपत्रीखाली होती. आज नवी बॅटरी घालून काढली. लगेच चालू झाली, आवाज तोच. तो ऐकून मला काहीतरी होईल असं वाटलं होतं. काही झालं नाही.
शहापूरहून गावी निघाले. सासूबाईंना चार दिवस इकडे आणावं म्हणून. किन्हवलीपर्यंत छान चालली. पुढे पेंढ्याचा टेम्पो ओलांडायला पाय दाबला आणि गाडी बसलीच. इंजिन चालू, पण जोर नाही. नुसते झटके. समोरून एसटी. कशीबशी टेम्पोच्या मागे आले. पाय उचलल्यावर पुन्हा ठीक, जसं काही झालंच नाही. तिथूनच मागे फिरले.
म्हणजे मंगेश खरं

१० नोव्हेंबर, सोम.
काल वाक्य अर्धं सोडलं. आज लिहिते.
मंगेश माझा धाकटा दीर, विलासचा पाठचा भाऊ. मे महिन्यात गावी वि.च्या छातीत दुखायला लागलं तेव्हा मंगेशनेच गाडी काढली. मी इथे दवाखान्याच्या दारात उभी होते. गाडी पोचली तेव्हा वि. गेलेला होता. उशीर झाला, डॉक्टर म्हणाले. मंगेश एकच वाक्य बोलत होता, "वयनी, गाडी उचलतच नव्हती. चढाला उचलतच नव्हती."
कुणाला पटलं नाही. त्याचा हात गाडीवर बसलेला नाही, तो घाबरला, हळू चालवली, असं सगळं गाव म्हणालं. आई, म्हणजे सासूबाई, सगळ्यांत आधी. तेव्हापासून आई त्याच्याशी बोलत नाहीत. घर एक, चुली दोन.
गाडी कुणी तपासली नाही. मीही नाही. तेव्हा सुचलंच नाही. तेव्हा काहीच सुचत नव्हतं, आताही फारसं नाही.

१२ नोव्हें., बुध.
पतपेढीतून अर्धी रजा. हायवेच्या कडेला नितीनचं गॅरेज, तिथे गाडी दाखवली. त्याने प्लग काढले, काळे झालेले. "हेच असणार मॅडम." नवे घातले. आसनगावपर्यंत नेऊन आणली. हळू चालवली तर लोणी. पाय दाबला की तेच.
नितीन डोकं खाजवत म्हणाला, "ठेवून जा."

१५ नोव्हें., शनि.
एअर फिल्टरमध्ये उंदराचं घर निघालं. कागदाचे तुकडे, कापूस. त्यात वि.च्या कुठल्यातरी पावतीचा कपटा, अक्षर त्याचं. नितीनने मला दाखवला आणि मग ओशाळला. मी कचऱ्यात टाकला. नंतर वाटलं, ठेवायला हवा होता का.
कॉम्प्युटर लावून पाहिला, त्यात काही दोष दिसत नाही. कॉइल बदलून पाहिली. फरक नाही. पतपेढीतली वैशाली म्हणते, विकून टाक. बरं म्हटलं. मी हल्ली सगळ्यालाच बरं म्हणते.

१६ नोव्हें., रवि.
गाडी गॅरेजातून तशीच काढून गावी नेली, सावकाश. झोडणी चालू आहे. मंगेश खळ्यावर एकटाच भाताचे भारे झोडत होता. गाडी बघून हात थांबले. जवळ आला नाही.
आईंना म्हटलं, चला शहापूरला. "त्या गाडीत मी बसायची नाय." मी सांगितलं, आई, ही गाडी खरंच मध्येच जोर सोडते, मी स्वतः पाहिलं. भात पाखडत होत्या, सूप थांबवलं नाही त्यांनी. "गाडीचं नको सांगू गो. नेणाऱ्यानं नेला नाय."
मंगेशला ऐकू गेलं असणार. झोडण्याचा आवाज थांबला, मग परत सुरू.

१९ नोव्हें., बुध.
नितीनने आज पेट्रोलच्या नळीला प्रेशरचं मीटर जोडलं. लांब पाइप लावून ते समोरच्या काचेवर बांधलं. मी चालवत होते, तो बाजूला. "आता दाबा. अजून दाबा." काटा खाली खाली. गाडीने झटके दिले.
"सापडलं! पेट्रोल पुरत नाही. हळू चालवताना पुरतं, जोर मागितला की पंप देत नाही."
तो खूश. मला बरं वाटायला हवं होतं. मी विचारलं, परत फिरू का.

२१ नोव्हें., शुक्र.
टाकी उघडली. पंपाच्या बुडाची जाळी काळ्या गाळाने भरलेली. बोटाने खरवडून दाखवली.
विचारलं, "हे मे महिन्यात असेल?"
"कसं सांगू? इतके महिने गाडी उभी होती. पेट्रोल खराब होतं, पावसात टाकीत पाणी धरतं. नंतर झालेलं असेल. आधीचंही असेल."
"तुम्हाला काय वाटतं?"
"मला वाटून काय उपयोग, मॅडम?" मग म्हणाला, "का हो?"
सहज, म्हटलं.

२२ नोव्हें., शनि.
नवा पंप, टाकी धुतली. हायवेला पाय पूर्ण दाबला. दोन ट्रक मागे पडले. वि. असता तर ओरडला असता, हळू गो. येताना साबण, मिरच्या, कोथिंबीर.

२३ नोव्हें., रवि.
गावी. आईंना एवढंच सांगितलं, "दोष गाडीतच निघाला. पेट्रोल वर येत नव्हतं. चढाला तिने कुणाचंच ऐकलं नसतं." नितीनने सांगितलेलं बाकीचं सांगितलं नाही.
आईंनी चुलीतलं लाकूड मागे ओढलं. मग म्हणाल्या, "मंग्याला बोलव. जेवायला."
मी खळ्यावर गेले. निरोप ऐकून तो तसाच उभा. अंगावर भुसा.
"वयनी, दोष खरंच गाडीत व्हता?"
"हो."
"तवाचा?"
आईंना सांगितलं तसं सांगता आलं असतं. तोंडातून निघालं, "ते मेकॅनिकला सांगता येत नाही."
"मला सांगता येतंय," तो म्हणाला.
आणि थांबला. मी विचारावं म्हणून थांबला, एवढं मला कळलं.
"जा," म्हटलं. "भात निवेल."
तो गेला. हात धुतल्याचा आवाज, ताट सरकवल्याचा. मग आईंचा आवाज, शेताच्या खालच्या तुकड्यात वाल टाकायचे की हरभरा. तो काहीतरी म्हणाला. आई काहीतरी म्हणाल्या.
मी खळ्यावरच उभी होते. मला कुणी हाक मारली असेल तर ऐकू आली नाही.