गाडी अद्याप चालू स्थितीत नाही

मोहाडी,
रविवार, दुपार

आदरणीय भय्याजी यांस,

हेमराजचा सादर नमस्कार. (जावयाने नमस्कार घ्यायचा असतो, करायचा नसतो, असे आपल्याकडे मानतात, परंतु आपण वयाने मोठे आहात आणि सध्या माझी बाजू पडती आहे.) आपले गुडघे कसे आहेत? वहिनींचा दमा थंडीने बळावला नसावा. कोंढ्याकडचे धान एव्हाना घरी आले असेल. मी ठीक आहे, दोन्ही वेळा जेवतो. आपला भाचा वीरेंद्र पुण्याहून रोज फोन करून हेच विचारतो, त्यामुळे हे उत्तर तोंडपाठ झाले आहे.

मोटारसायकल न्यायला केव्हा येऊ, असे आपण तिसऱ्यांदा विचारले आहे. विचारणा योग्यच आहे. सत्यभामाच्या तेरवीला पंगत उठल्यावर आपण म्हणालात, "जवाईबापू, गाडी उभ्या उभ्या गंजून जाईन. मले देऊन टाका, दुधाचे कॅन न्याले होते." त्या दिवशी कोणी घराचे छप्पर मागितले असते तरी मी मान डोलावली असती. "चालू स्थितीत असेल तेव्हा अवश्य न्या," असे मी सर्व पाहुण्यांसमक्ष बोललो. शब्द दिला आहे, तो पाळला जाईल. मागचे साडीगार्ड कापून तेथे कॅनचे आकडे जोडण्याचा आपला बेतही मी त्याच वेळी ऐकला होता. (त्या जाळीने आपल्या बहिणीचा पदर इतकी वर्षे चाकात जाऊ दिला नाही, एवढे केवळ नोंदवून ठेवतो.) तथापि ज्याने आयुष्यभर राज्यशास्त्र शिकवले, त्याला शब्दाइतकेच त्यातील अटीचेही महत्त्व कळते. आणि गाडी अद्याप चालू स्थितीत नाही.

याची कारणे सविस्तर देणे माझे कर्तव्य आहे. गाडी आपल्या हाती निर्दोष यावी म्हणून मी तिची देखभाल घरीच हाती घेतली. मोबाइलवरील एक तरुण हे सर्व "घरच्या घरी, पाच मिनिटांत" होते असे सांगतो. त्याच्या पाठीमागे भिंतभर बोल्ट खोलायचे पाने टांगलेले असतात. माझ्या पाठीमागे स्वयंपाकघर आहे. तेव्हा ऑइल बदलण्यासाठी कणकेची परात खाली ठेवली, बोल्ट सांडशीने सोडवला आणि जुने ऑइल चहाच्या गाळणीतून गाळून पाहिले. (ते का गाळायचे, हे तो तरुण सांगत नाही. मला ते जबाबदारीचे वाटले.) नवे ऑइल ओतले, आणि वरचे झाकण लावण्यापूर्वीच, केवळ चाचणी म्हणून, किक मारली. दुर्दैवाने गाडी लगेच सुरू झाली. उडालेले थेंब कुंपणापलीकडे शेवंताबाईंनी ताणून ठेवलेल्या पांढऱ्या सुतावर एका ओळीत जाऊन बसले. शेवंताबाईंच्या घरी पिढ्यान् पिढ्या विणकाम चालते. त्यांनी सूत निरखून पाहिले आणि शांतपणे म्हणाल्या, "किनार तं मस्त काढली सर. आता पदर बी तुम्हीच काढता का?" मी माफी मागितली. क्षणभर सुरू होणे म्हणजे चालू स्थिती नव्हे, हा खुलासाही केला. तो त्यांनी मागितला नव्हता.

पुढच्या रविवारी साखळी घेतली. ती रॉकेलमध्ये भिजवून दात घासण्याच्या ब्रशने घासली. हा ब्रश जुना, असे मी समजत होतो. दुसऱ्या दिवशी सकाळी माझी चूक माझ्या लक्षात आली आणि संध्याकाळपर्यंत लक्षात राहिली. त्यानंतर प्लग काढून काचकागदाने घासला आणि भाकरीच्या तव्यावर शेकला. या कामावर देखरेख ठेवण्यासाठी आमच्या दारापुढच्या ओट्यावर एक समितीच बसू लागली आहे. तिचे अध्यक्ष नंदलालजी यांनी आयुष्यात सायकलची चेनसुद्धा चढवलेली नाही, त्यामुळे त्यांचे मत पूर्णपणे निःपक्षपाती असते. "कार्बोरेटर असंन," असे ते प्रत्येक वेळी म्हणतात. ब्रेकविषयीही तेच म्हणाले. समिती चहा घेते, मतभेद नोंदवते आणि पुढील रविवारपर्यंत तहकूब होते. सभागृहाचे कामकाज मी मुलांना वर्षानुवर्षे समजावून सांगितले, पण मला स्वतःला ते आता समजले.

एवढे होऊनही, भय्याजी, गाडी दर शनिवारी पुन्हा सुरू होते. मी तिचे जे जे उघडतो ते बंद करताना एखादा वायसर उरतो, आणि तरीही ती आधीपेक्षा बरी चालते. मग रविवारी मला ती पुन्हा उघडावी लागते. आज सकाळी एअर फिल्टर काढत असता शेवंताबाई कुंपणाशी आल्या. "काल तं भर्रकन चालू झालती ना सर, मंग आज कायले खोलून राहिले?" प्रतिबंधात्मक देखभाल, असे मी म्हणालो. मग, "देवाघरच्या माणसाची वस्तू आहे, मले समजते सर," एवढे म्हणून त्यांनी माझ्यासाठी वांग्याची भाजी पाठवली. समितीत त्यांना घेतलेले नाही, हे बरेच झाले.

असो. आपली प्रकृती जपावी. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

आपला,
हेमराज

ता. क. शेवंताबाईंची सून आपल्याच कोंढ्याची आहे, हे वर लिहायचे राहिले. तिच्याकडून कळण्यापूर्वी माझ्याकडून कळावे: गाडी उत्तम चालू स्थितीत आहे. एअर फिल्टर लावून मघाशीच पाहिले. मला खोटे लिहिता येत नाही, म्हणून दर रविवारी ती खरोखर बंद करावी लागत होती. हे पत्र लिहायला घेतले तेव्हा फिल्टर माझ्या मांडीवर होता.

ता. क. दुसरा. तेव्हा अटीप्रमाणे आपण येत्या रविवारी यावे. बसने यावे. गाडी मी चालवीन, आपण मागे बसावे. मोहाडी ते कोंढा हा रस्ता मी त्या गाडीवर एकट्याने कधी कापलेला नाही, आणि मागून खांद्यावर थाप पडल्याशिवाय वेग कमी करण्याची मला सवय नाही. ती थाप आपण द्यावी. कोंढ्यास पोचल्यावर किल्ली आपल्या हाती देईन आणि मी बसने परतेन.

ता. क. तिसरा. गाडीचा प्रत्येक बोल्ट माझा उघडून झाला आहे, साडीगार्डाचे दोन सोडून. ते आपणच काढावेत. गाडी मी धरून ठेवीन. कापू नये, जाळी अखंड निघते. तेवढी मला परत द्यावी, मी ती बसमध्ये मांडीवर घेऊन येईन. सांडशी बरोबर आणतो आहेच.