सोयरीक कोणी मोडली

अकोला
१२ मार्च १९६४

प्रिय भगवंत,

पत्राला 'प्रिय' लिहावं लागतं म्हणून लिहिलं. पुढचं मनातलं लिहिते. तुझं कार्ड मिळालं. सूर्यभानची मोर्शीची सोयरीक मोडली, कोणीतरी मुलीच्या बापाचे कान भरले, त्याचं वाटोळं होवो, हे सगळं तू उघड्या कार्डावर लिहिलंस. आमच्या पोस्टमननेही वाचलं असेल. त्या माणसाचं नाव तुला सांगते, पण आधी माझं ऐक. तू माझ्यापेक्षा लहान आहेस. सूर्यभान माझ्याकडे आल्यापासून चार वर्षांत मी तुला एकदाही फटकारलं नाही, ही माझीच चूक.

आपल्या धाकट्या भावाचं नाक वाकडं नाही. हे तुलाही दिसतं, मलाही. त्याला मात्र ते रोज सकाळी कालच्यापेक्षा वाकडं झालेलं दिसतं. तहसिलातल्या नोकरीच्या अर्जासाठी फोटो काढला, तिथून हे सुरू झालं. आधी दोरा लावून मोजायचा. मग आरशापुढे दोन-दोन तास. नोकरी लागली तर कचेरीत सगळ्यांच्या आधी जायचा, सगळे गेल्यावर निघायचा. अमरावतीला तो तुझ्याच घरी होता ना? तुझ्या डोळ्यांदेखत हे चाललं होतं आणि तू दुकानात गिऱ्हाइकांसमोर म्हणालास, "बाईवानी नटून राहिला, याले तमाशात धाडा!" गिऱ्हाइकं हसली. त्याला वाटलं, नाकालाच हसली. दुसऱ्या दिवसापासून तो कचेरीत गेला नाही. तू घरातले आरसे फोडलेस, तर तो पितळेच्या गडव्यात तोंड पाहू लागला. मग मांत्रिक आणलास, मिरच्यांचा धूर दिलास, वर छडीने झोडपलंस. आणि ज्या दिवशी त्याने स्वतःच्या नाकावर वस्तरा चालवला, त्या दिवशी आळीत सांगितलंस, जिन्यावरून पडला. जखम सुकायच्या आत त्याची वळकटी बांधून एस.टी.त बसवून दिलंस माझ्याकडे. एकट्याला!

मी फार शहाणी होते असं नाही. इथल्या डॉक्टरांनी चिठ्ठी दिली म्हणून त्याला नागपूरला नेलं. तिथल्या मोठ्या डॉक्टरांनी त्याला तासभर विचारलं, मग मला आत बोलावलं. "बाई, हा नखरा नाही. मनाचा आजार आहे, आणि यात माणूस जीवही देतो. विषमज्वर झालेल्याला तुम्ही मारता का? त्याला जे दिसतं ते खरंच दिसतं. वाद घालू नका. आणि 'छान दिसतोस' असं तर मुळीच म्हणू नका." मी ऐकून गारच झाले. कारण मी दिवसातून चाळीसदा तेच म्हणत होते. तो विचारायचा, "बाई, आज कसं दिसून राहिलं?" मी म्हणायची, राजासारखं. दोन मिनिटं त्याला बरं वाटायचं, की पुन्हा तोच प्रश्न. माझ्या मायेनेही आजार वाढतच होता. उत्तर देणं बंद केलं तेव्हा तो लेकरासारखा रडला आणि मी चुलीपुढे बसून रडले. आता विचारतो तेव्हा मी म्हणते, "चाल, भाजीले जाऊ." कधी येतो, कधी येत नाही. गोळ्या चालू आहेत. बरा झाला असं मी म्हणणार नाही.

आणि अशा पोराचं तू लग्न ठरवलंस. बायको आली की डोकं ठिकाणावर येईल म्हणे! मुलीकडच्यांना आजाराचा एक शब्द सांगितला नाहीस. ती पोरगी म्हणजे काय औषधाची बाटली आहे?

मोर्शीला मीच निघाले होते, भगवंत. मुलीच्या बापाला, जानरावांना, सगळं सांगायचं ठरवूनच. मी चपला घालत होते तर सूर्यभान दारात उभा. म्हणाला, "बाई, मीबी येतो." तोंडावर रुमाल बांधून, सगळा रस्ता खिडकीकडे तोंड करून बसला. जानरावांनी आम्हाला ओसरीवर बसवलं. मी बोलायच्या आधीच तो खाली पाहत म्हणाला, "मामाजी, मले आजार आहे. माहं नाक मले वाकडं दिसते, तुमाले नाही दिसणार. एकडाव मी ते कापाले गेलो होतो. भावानं तुमाले सांगतलं नसन. तुमच्या पोरीची फसगत नोको." जानराव म्हणाले, "सोयरीक नाई होत, बापू. पण जेवल्याबिगर तुमाले जाऊ देत नाई." ताट आलं. घरातली पाच-सहा माणसं भोवती होती. त्याने रुमाल सोडला. अर्धी भाकर खाल्ली. चार वर्षांत परक्या माणसांसमोर त्याला जेवताना मी पाहिलं नव्हतं.

तेव्हा तुझे शिव्याशाप त्याच्या नावाने पोस्टात टाक. सोयरीक सूर्यभानने मोडली. चारचौघांत कोणी विचारलं तर हेच सांग, आणि कारणही खरं सांग. तेवढं जमणार नसेल तर माझी पायरी चढू नकोस.

इतकं असूनही तुझीच थोरली बहीण,
पार्वता