सूप वाजण्यापूर्वी

तीर्थरूप वन्संना,

वाकून नमस्कार. (मी वाकले आहे, तुम्ही आशीर्वाद द्यायला उठू नका, गुडघे सांभाळा.) भावोजींचा खोकला कसा आहे? काढा खरंच पितात की तुमची पाठ वळली की मोरीत ओततात, याची एकदा खात्री करून घ्या. तुमच्या माहेरच्या पुरुषांचा मला अनुभव आहे, सासरचे वेगळे असले तर आनंदच. इकडे सगळं ठीक. सगळं म्हणजे मी आणि तुमचे बंधुराज. परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "बाळ्याचा आवाज असा विहिरीतून आल्यासारखा का येतोय?" तेव्हा मी विषय बदलला, कारण बाळ्या शेजारीच उभे होते. आता बाहेर गेलेत, तर सविस्तर लिहिते.

विमा कचेरीतून निवृत्त झाल्यावर त्यांचं काय झालं होतं, ते मी तुम्हाला कधी नीट सांगितलंच नाही. माणूस सकाळी आंघोळ करून, भांग पाडून फ्रिजसमोर खुर्ची टाकून बसायचा. मधूनच फ्रिज उघडायचा, आत बघायचा, बंद करायचा. काय हवंय? "काही नाही." बाहेर फिरून या की. "हं." आयुष्यभर लोकांना मरणाची भीती घालून हसत हसत सह्या घेणारा हा माणूस, आणि दिवसाकाठी त्याच्या तोंडून चार शब्द निघेनात. (तेव्हाच कळवलं असतं तर तुम्ही पहिल्या गाडीने येऊन त्यांची बिनपाण्याने केली असती, म्हणून गप्प राहिले.) मला भीती वाटायला लागली होती, वन्सं. हे मात्र थट्टेने लिहीत नाही.

अशात ते एक दिवस बातमी घेऊन चपलांसकट स्वयंपाकघरात आले. आमच्याकडचं जुनं थिएटर पाडलं ना, तिथे मोठी इमारत व्हायची आहे. पण परवानगी येईपर्यंत जागा रिकामी कशाला ठेवा, म्हणून मालकाने तिथे कंटेनर आणून मांडले. जहाजावरून माल नेतात त्या लांबलचक लोखंडी पेट्या हो. एकीवर एक रचल्या, भडक रंग फासले आणि एकेका पेटीत एकेक दुकान घातलं. एकीत कपडे, एकीत कॉफी, एकीत नुसत्या मेणबत्त्या. काही महिन्यांचा खेळ, मग क्रेन येऊन सगळं उचलून नेणार. मोठ्या माणसांची भातुकलीच म्हणा ना. (तिथली व्यवस्थापक मुलगी सांगते की लोक तिथे जेवायला येत नाहीत, 'अनुभव घ्यायला' येतात. आमच्या दुकानातून बाहेर पडताना पहिल्या आठवड्यात लोक हेच म्हणत होते, "अनुभव आला.")

हो, आमचं दुकान. सूपचं. ज्या माणसाने चहाचं आधण ठेवून गॅस पेटवायचा विसरण्यापलीकडे स्वयंपाकघरात पराक्रम केला नाही, त्याने सूपचं दुकान काढलं. "सूपमध्ये चुकण्यासारखं असतंच काय?" असं म्हणाले, आणि काय काय असतं ते पुढे सगळं करून दाखवलं. आमच्या वाट्याला आलेल्या पेटीतून पूर्वी रबरी चपला गेल्या असाव्यात. सकाळी कळत नाही, पण दुपारी पत्रा तापला की वास उठतो. एका सज्जन गृहस्थांनी टोमॅटोचं सूप पिऊन विचारलं, यात कसला मसाला आहे, ओळखीचा वाटतो.

पण खरी गंमत खिडकीची. खिडकी रस्त्याकडे हवी होती, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्याला वाफाळतं पातेलं दिसलं असतं. नकाशा बंधुराजांनी स्वतः काढला (दुसऱ्या कुणाला काढू देतील तर शपथ). ते पेटीच्या आत उभे राहून डावं-उजवं सांगत होते आणि वेल्डर बाहेर उभा राहून ऐकत होता. त्यांचं डावं ते त्याचं उजवं. त्याने इमानेइतबारे पत्रा कापला तो नेमका शेजारच्या पेटीच्या बाजूला. मध्ये हातभर बोळ आणि पलीकडे केशकर्तनालयाची तेवढीच मोठी उघडी खिडकी. म्हणजे आमचं गिऱ्हाईक चमचा तोंडाजवळ नेतंय, तर समोर कुणाच्या तरी मानेवर वस्तरा चाललाय.

या केशकर्तनालयाचं नाव 'कप्तान', म्हणून मालकालाही सगळे कप्तानच म्हणतात. अंगाने आडवा, आवाज भोंग्यासारखा. बोट लागते म्हणून आयुष्यात साध्या होडीतही बसलेला नाही. पहिल्याच दिवशी त्याच्या पंख्याने केस उडाले ते आमच्या पातेल्यात. गिऱ्हाइकाला ठसका लागला. केसाने गळा कापणे म्हणजे काय ते मी त्या दिवशी डोळ्यांनी पाहिलं. तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद. हातभर अंतरावर समोरासमोर उभे राहून दोघेही माझ्यामार्फत भांडायचे.

"वहिनी, त्यांना सांगा, माझ्या गिऱ्हाइकांच्या केसांना लसणाचा वास येतो."

"त्याला सांग, माझ्या लसणाला त्याच्या गिऱ्हाइकांचे केस येतात."

मी मध्ये उभी, कुणाला काय सांगू! पण वन्सं, एक सांगते. त्या दिवशी घरी येताना तुमचे बंधू वाटभर बोलत होते. कप्तानला शिव्याच घालत होते, पण बोलत होते. मी मनातल्या मनात कप्तानची दृष्ट काढली.

दिवस पालटले ते एका बाईंमुळे. बाईंनी केसांना रंग लावून घेतला होता. डोक्यावर चांदीच्या कागदाच्या पुड्या, रंग चढेपर्यंत जागचं हलायचं नाही, आणि समोर मक्याच्या सुपाची वाफ. शेवटी त्या ओरडल्या, "अहो सूपवाले, जीव घेता का? एक वाडगा द्या इकडे!" बंधुराजांनी वाडगा खिडकीतून पुढे केला, पण हात पोचेना. पलीकडून कप्तानने, एक शब्द न बोलता, आरसा काढून त्याची पाठ ट्रेसारखी पुढे धरली. बाईंनी दोन वाडगे रिचवले. दुसऱ्या दिवशी मैत्रिणींना घेऊन आल्या. मग तर रीतच पडली. तिकडे रंग चढतोय तोवर इकडून सूप, आणि इकडे सूप पिता पिता समोरची कात्री बघून लोकांना आपले वाढलेले केस आठवायचे. कप्तान चव घेऊन सांगायचा, मीठ कमी. आमचे हे डाव हलवत सांगायचे, "बाई, आखूड नका करू, तुम्हाला शोभणार नाही." (एकीने खरंच ऐकलं आणि अर्धे केस कापून घेऊन उठून गेली. उरलेले कापायला पुढच्या आठवड्यात आली.) मला तर आता दुकानात कुणी विचारत नाही. दोघांचं अखंड चाललेलं असतं. सव्वीस वर्षांच्या संसारात तुमच्या भावाला एवढं हसताना मी पाहिलं नव्हतं, आणि ते कुणाकडे बघून, तर कप्तानकडे! असो.

आणि दृष्ट लागलीच. नगरपालिकेतले एक साहेब मिशी कोरून घ्यायला कप्तानच्या खुर्चीत बसले होते. मोठी झुपकेदार मिशी. कप्तानने डावीकडे वस्तरा टेकवायला आणि आमच्या कुकरने शिट्टी द्यायला एकच गाठ पडली. डावी बाजू साफ. आता उजवी ठेवून करायचं काय? तीही काढावी लागली. साहेबांनी आरशात पाहिलं, ओठांवर रुमाल धरला आणि उठून गेले. वर्षभर अडून राहिलेली इमारतीची परवानगी त्यानंतर आठ दिवसांत आली. योगायोग असेल. पण जागा महिनाअखेरीला रिकामी करायची आहे. तेव्हा आमचं सूप वाजलं, वन्सं. बंधुराज पुन्हा फ्रिजसमोर बसायला लागलेत. फरक एवढाच, की आता शेजारच्या खुर्चीवर कप्तानही असतो आणि दोघे मिळून आत बघतात.

पण तुम्ही काळजी करू नका. चालायचंच. आम्हाला कसलीही अडचण नाही. भावोजींना नमस्कार.

तुमची,
भावजय

ता. क. एक विचारायचं राहिलं. तुमच्या घरामागे मोकळं आवार आहे ना? मालक पेट्या मोडीच्या भावात देतोय. एक पेटी तिथे सहज बसेल. भावोजींच्या टोमॅटोच्या वाफ्याच्या केसालाही धक्का लागणार नाही. सावकाश विचार करून कळवा, अजिबात घाई नाही.

ता. क. दुसरा. ताई, हिने पत्र टाकायला माझ्याकडे दिलं, मी वाचलं. डावं-उजवं वेल्डरचंच चुकलं होतं. ट्रेलर गुरुवारी पोचेल, फाटक तेवढं काढून ठेव. पेट्या दोन आहेत. एकट्या खिडकीचा काय उपयोग? आम्ही वरच्या खोलीत राहू. कप्तान घोरतो, पण मनाने चांगला आहे. तुझा, बाळ्या.

ता. क. तिसरा. वन्सं, शपथेवर सांगते, ट्रेलरचं मला आत्ता, पाकीट चिकटवायला पत्र परत माझ्याकडे आलं तेव्हा कळलं. रागवायचं तर जरूर रागवा, पण हे लिहिताना तुमचे बंधू पेटाऱ्यात पातेली भरताहेत आणि शीळ घालताहेत. टोमॅटोचं मी लिहिलं ते एका पेटीच्या हिशोबाने होतं, तेवढं भावोजींच्या कानावर घाला. आणि त्यांचे केस वाढले असतील, तर शुक्रवारपर्यंत थांबा म्हणावं.