ओट्याचं तोंड कोणीकडे

॥ श्री ॥
राजूर, ता. भोकरदन
६ जानेवारी २०२५

चि. सौ. प्रियदर्शनीस आईचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. आदिनाथने आणलेला फोन नुसता गिरणीसारखा घुरघुरतो, बोललेलं काही कळत नाही. त्याच्यापेक्षा तुझं पत्र बरं. तूर घरात आली. चतुर्थीला देवळापाशी अशी गर्दी की तुझ्या ह्याच भावाची गाडी गल्लीतच अडकली आणि एमआयडीसीत पोचायला त्याला उशीर झाला. त्याचा राग मात्र घरी येऊन माझ्यावर निघाला.

मुख्य बातमी स्वयंपाकघराची. पत्रे जाऊन स्लॅब पडला, आता आदिनाथला तिथं ट्रॉल्यांचं तयार किचन बसवायचं आहे. दोन ठिकाणची माणसं माप घेऊन गेली. एक संभाजीनगरची मोठी कंपनी. त्यांचा माणूस टॅबवर बोट फिरवून आपली भिंत घटकेत हिरवी, घटकेत पिवळी करून दाखवतो. दुसऱ्या जालन्याच्या मैमूनाबाई. नवरा महेमूदभाई प्लायवूड विकतात, बाई किचन बसवून देतात. आदिनाथचं मन मोठ्या कंपनीवर आहे, कारण गॅरंटी लांबलचक आहे.

चित्र देखणं आहे, फक्त त्यात खाली बसायला जागा नाही. सगळं उभ्याने करायचं. पायल उंचपुरी, मी ही एवढीशी. म्हणून मी त्या माणसाला हळूच बाजूला घेतलं आणि सांगितलं की ओटा सूनबाईच्या उंचीचा करा, माझं काही धरू नका. तिचा संसार आहे, तिला सोयीचं व्हावं.

सांगितलं खरं, पण नंतर फार वाईट वाटलं. सून म्हणून आले तेव्हापासून माझी जागा खाली, भाकरीच्या काठवटीपुढे आहे. ती गेली तर मी ओसरीवर बसून दिवसभर काय करू? हे पायलला कळवू नकोस, तुला माझी शपथ.

जावईबापूंना आशीर्वाद. आईवर जीव आहे तसाच राहू दे.
तुझी आई
सगुणाबाई


राजूर, त्याच दिवशी

ती. सौ. ताईंना सा. न. वि. वि.

आईंचं पाकीट टपालात टाकायला माझ्याकडे आलं, त्यातच ही चिठ्ठी सरकवते. फोनवर सांगायचं तर हे जवळ असतात, आणि बोलण्याआधी मला रडू येतं.

काल कंपनीच्या माणसाने विचारलं की तुमच्या घरातून दोन निरोप आलेत, कोणता धरू? मी त्यांना आईंच्या उंचीचा ओटा सांगितला होता. आईंनी त्याआधीच माझ्या उंचीचा सांगून ठेवलेला! त्या भल्या माणसाने मधलं माप धरून नवं चित्र पाठवलं. त्या ओट्यावर मी वाकून वाकून कंबर धरणार आणि आई टाचा उंच करणार. मला हसूच आलं.

पण ताई, खरी गोष्ट उंचीची नाहीच. आईंचे कान आता पार गेलेत. काठवटीच्या एका बाजूला त्या बसतात, दुसऱ्या बाजूला मी, आणि माझ्या ओठांकडे बघून त्यांना सगळं समजतं. माहेरचं, गावातलं, ह्यांच्या रागाचं, सगळं मी त्यांच्याशी तिथंच बोलते. हे तर आईंशी दोन वाक्यं बोलून दमतात. ओट्यापाशी आम्हा दोघींची तोंडं भिंतीकडे होतील. मग आईंशी बोलणार कोण? घरात असून त्या एकट्या पडतील, आणि मीसुद्धा.

ह्यांना म्हटलं की खाली बसायची सोय ठेवू, तर म्हणाले की नवं किचन करून खालीच बसायचं तर मंग एवढा खर्चा कशाला करून राह्यलो. कारण सांगावं तर कानांचा विषय निघतो. आई गल्लीत सगळ्यांना सांगतात की मला बराबर ऐकू येतं, फोनच बिघडलाय. त्यांना लाज वाटेल असं मी कसं बोलू? काहीतरी सुचवा, पण माझं नाव घेऊ नका.

मोठ्यांना नमस्कार. धाकटीला सांभाळून घेता तसंच घेत राहा.
आपली
पायल


चिंचवड
१४ जानेवारी २०२५

ती. आईस शि. सा. न.

सोबत तिळगूळ आहे. एकटीने संपवू नकोस, आदिनाथलाही दे, त्याला त्याची जास्त गरज दिसते.

किचनचं वाचलं. तुम्ही सगळे शहाणे आहात, मी लांबून काय सांगणार? पण लाडकी लेक म्हणून एक हट्ट आहे. पैसे द्यायच्या आधी तू आणि पायल भिंतीला तोंड करून, ओटा आहे असं समजून शेजारी शेजारी उभ्या राहा. आदिनाथलाही तिथं थांबव. पायलला काहीही बोलायला सांग. ती काय बोलली तेवढं मला कळव. का म्हणून विचारू नकोस.

तब्येतीला जप. रागावलीस तरी पत्र टाक.
तुझीच
प्रियदर्शनी


॥ श्री ॥
राजूर
२ मार्च २०२५

चि. सौ. प्रियदर्शनीस अनेक आशीर्वाद.

उत्तराला उशीर झाला, कारण घरात सुतारकाम चालू होतं. तुझा आगाऊपणा कोणावर गेलाय कोण जाणे!

तू म्हणालीस तशा आम्ही दोघी उभ्या राहिलो. आदिनाथ दारात हसत होता. पायल काहीतरी बोलली असावी म्हणून मी आपलं हो म्हटलं. मग वाटलं, परत बोलली, मी परत हो म्हटलं. समोर नुसती भिंत, दुसरं काय दिसणार? शेवटी तिने खांदा धरून मला आपल्याकडे वळवलं तेव्हा समजलं. बिचारी केव्हाची सांगत होती की आई, तुम्ही माझ्या पायावर उभ्या आहात.

आम्ही दोघी पोट धरून हसलो आणि हसता हसता मला रडू फुटलं. आदिनाथ हसायचा थांबला होता. पोरी, फोन चांगला आहे. माझे कान गेलेत. तुला एवढं लिहायला मला दोन वर्षं लागली.

त्याने स्वतःच मोठ्या कंपनीला विचारलं. त्यांनी सरळ सांगितलं की बैठा ओटा आमच्याकडे होत न्हाई. मग मैमूनाबाईंना बोलावलं. त्या आल्या त्या फतकल मारून माझ्यासमोर बसल्या, पायललाही बसवलं, आणि बसल्या उंचीचंच माप घेतलं. बोलतात तेही माझ्याकडे तोंड करून. त्यांच्या अम्मीचंही असंच होतं म्हणे. काम त्यांनाच दिलं.

आता भिंतीला पायलच्या उंचीचा उभा ओटा आहे, आणि मधोमध गुडघ्याएवढा बैठा. त्यावर शेगडी, बाजूला काठवटीची जागा, दोन्हीकडून बसता येतं. रंग आदिनाथने निवडला, तो वांग्यासारखा आहे.

काल पहिली भाकरी थापली. पायल समोर बसून किती तरी वेळ बोलत होती आणि मला सगळं समजत होतं. त्या नादात भाकरी करपली. आदिनाथ तीच घेऊन माझ्यासमोर येऊन बसला आणि एमआयडीसीतल्या गमती सांगत बसला, एक एक शब्द सावकाश. लहानपणी शाळेतून आला की असाच सांगायचा.

उन्हाळ्यात ये. तिसऱ्या बाजूला तुझा पाट मांडून ठेवलाय. माझ्याकडे तोंड करून बस.
तुझी
आई