चालेल मास्तर

प्रिय बाईसाहेब,

अक्षराचे हे कोंबडीचे पाय तुझ्या नवऱ्याचेच आहेत, आणि डाव्या हाताचे आहेत. दुकानातल्या कापड-कटिंगच्या खाकी कागदावर निळ्या पेन्सिलीनं लिहितोय. तू बाजारात गेलीस की पेन्सिल काढायची, तू आलीस की उशीखाली सारायची, असं करत हात जरा वळायला लागलाय. दोन ओळी झाल्या की दमतो, मग चरफडत पडून राहतो. मला लिहिता येईल हे कुणाच्या ध्यानीमनीही नव्हतं, माझ्यासुद्धा.

डॉक्टरांनी मुलाला बाहेर नेऊन समजावलं, पण दार उघडंच होतं. रक्ताची गुठळी मेंदूच्या डाव्या बाजूला अडकली, म्हणून उजवं अंग लुळं पडलं आणि वाचा गेली. वाचेबरोबर अक्कलही गेली असं काही ते म्हणाले नव्हते. ते तुम्ही सगळ्यांनी आपापलं ठरवून टाकलंत. शेजारीण माझ्यादेखत तुला विचारते, यांना कळतं का गं काही? अगं बये, सगळं कळतं. मशीन धडधडतंय, सुई खालीवर होतेय आणि बॉबिन रिकामी, तसं झालंय माझं. टाकाच पडत नाही. जन्मभर लोकांची काजं-बटणं केली, आता स्वतःच्या सदऱ्याचं बटण लावून घ्यायला तुझ्यापुढे बसतो. राग येतो, आणि रागवायला शब्द नाही.

उरलाय तो एकच. बाही आखूड केली तर? चालेल. कॉलर जुन्या पद्धतीची? चालेल. गिऱ्हाइकाला नाही म्हणायचं नाही ही माझी खोड, आणि 'चालेल मास्तर' हे नाव तूच ठेवलेलं. डॉक्टर म्हणतात, जिभेच्या सवयीचा एखादा शब्द असा मागे राहतो. आता पाणी हवं असलं तरी चालेल, पाय ठणकला तरी चालेल. मान हलवून नाही म्हणायला जावं तर तीही होकारार्थीच डुलते. व्यायाम घेणाऱ्या मुलीनं विचारलं, आजोबा, आज चालणार ना? मी म्हटलं, चालेल. तुम्ही पोट धरून हसलात. मीही हसलो, अर्ध्या तोंडानं.

मग न्हाणीघरात मला सावरताना तुझ्या कंबरेत उसण भरली, आणि मुलानं ते शुश्रूषा केंद्र शोधून काढलं. खाटेवर बसून त्यानं प्रेमानंच सांगितलं की तिथे नर्स आहेत, व्यायाम आहे, आई माझ्याकडे राहील. बाबा, चालेल ना? 'नाही'साठी मी सगळा जीव एकवटला, घाम फुटला, आणि तोंडातून काय आलं ते तू ऐकलंसच. त्यानं डोळे पुसले. म्हणाला, बाबांनी किती समजूतदारपणे घेतलं! त्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटली, पण वाजवायचा हात चादरीवर निपचित पडला होता.

तेव्हापासून तू माझ्याशी धड बोलत नाहीस. काल चहा पाजताना मात्र तुला राहवलं नाही. "इतकं सहज? माझ्याशिवाय चालेल तुम्हाला?" मी तुझ्या डोळ्यांत बघत होतो, आणि जीभ म्हणाली, "चालेल." तू कप खाली ठेवलास आणि आत गेलीस. आता माझे सदरे घड्या करून बॅगेत भरतेयस आणि माझ्याकडे बघतही नाहीस.

म्हणून हे लिहितोय. तो शब्द माझा नव्हता गं. तुझ्याशिवाय मला एक दिवस काढवणार नाही. तुझ्या कंबरेचं मला कळतं. उचलायला दिवसाचा माणूस ठेवू, मी कुरकुर करणार नाही, करायला शब्दही नाहीत. आणि तू खरंच थकली असशील, मी जावं असं तुलाच वाटत असेल, तर तसं सांग. मी गुपचूप गाडीत बसेन. पण मी हो म्हणालो म्हणून मला पाठवू नकोस. उद्या केंद्राची गाडी आली की मुलगा पुन्हा विचारेल, आणि मी पुन्हा तेच बरळेन. तेव्हा माझ्या तोंडाकडे बघू नकोस. माझ्यातर्फे तू नाही म्हण.

तुझाच,
मास्तर