बिजलीबाईच्या मांडीवरून

नेर,
ता. ९ जानेवारी १९६१

ती. वामनदादास,
इंदूचा शि. सा. न. वि. वि.

तुझी मुकुटबनला बदली झाली, तरी तू सुरू केलेलं सिनेमा मंडळ इथे जोरात आहे. महिन्यातून एका शनिवारी शाळेच्या हॉलमध्ये पडदा लागतो. बायका सतरंजीवर, पुरुष बाकांवर. हे तर मशीनवाल्याच्या मागेमागे असे फिरतात, जणू सिनेमा ह्यांनीच काढला!

या वेळी तू सुचवलेला तो जुना, गाजलेला सिनेमा होता. मी हौसेने तांड्यावरच्या बिजलीबाईला सोबत नेलं. नलू झाली तेव्हा मी विषमज्वराने पडले होते. बिजलीबाईने आपल्या जमनीसोबत नलूलाही अंगावर पाजलं, म्हणून पोर वाचली. नलू अजून तिला बंजारा बोलीत ‘याडी’, म्हणजे आई, म्हणते. हॉलमध्येही तिच्याच मांडीवर बसली.

मध्यंतरानंतर पडद्यावर एक बाई आली. बिजलीबाईसारखाच आरशांचा घागरा, दंडापर्यंत बांगड्या. ती पाळण्यातलं मूल पळवते. बाकांवरून कोणी ओरडलं, आपापले लेकरं सांभाळा हो, इथंबी एक बसून हाये! सगळा हॉल हसला. दादा, मीही हसले. आणि हसता हसता नलूला बिजलीबाईच्या मांडीवरून उचलून माझ्या मांडीवर घेतलं.

का घेतलं, सांगता येत नाही. बिजलीबाईने तिला धरून ठेवलं नाही, नुसते हात सैल केले. रडली ती नलू. बिजलीबाई शेवटपर्यंत पडद्याकडे बघत बसली आणि जातो बाई, एवढंच बोलून गेली. तेव्हापासून फिरकली नाही. हे म्हणतात, तिच्या ध्यानातही आलं नसेल. मला ते पटत नाही. काय करू ते लिही.

तुझी माया आहे तशी राहो, असं लिहायचीही आज लाज वाटते.

तुझी,
इंदू


मुकुटबन,
ता. १७ जानेवारी १९६१

चि. सौ. इंदूस,
वामनचे अ. उ. आशीर्वाद.

पत्र वाचलं आणि कितीतरी वेळ पालथं घालून ठेवलं. तो सिनेमा मी नागपूरला कॉलेजात असताना तीनदा पाहिला. मंडळापुढे त्याची तारीफ मीच केली. त्यातली गाणी, शेवटची मारामारी, सगळं आठवतं. मूल पळवणारी बाई आठवतच नाही. म्हणजे तिन्ही वेळा मीही हसलो असेन, आणि त्यात लक्षात ठेवावं असं मला काही वाटलं नाही. माझ्या वर्गात तांड्यावरची पोरं आहेत. काल त्यांच्याकडे बघून शिकवता येईना.

तिच्या ध्यानात आलं नसेल, हे आपल्या सोयीचं बोलणं झालं. लुगडं-खण काही नेऊ नकोस. जा, आणि जे केलंस ते सरळ सांग. मंडळाला मी वेगळं लिहितो. तुझ्या भगवानरावांना म्हणावं, मशीन सोडून जरा माणसांकडेही बघा.

आशीर्वाद आहेतच. पण या खेपेला माझाही कान धरणारं कोणी हवं होतं.

तुझा,
दादा


नेर,
ता. ३० जानेवारी १९६१

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

ह्यांनी तुझं पत्र मंडळात वाचलं. काहींनी माना खाली घातल्या, काही म्हणाले, सिनेमाच तर आहे, एवढं काय. ओरडलं कोण ते सगळ्यांना माहीत होतं, नाव कोणी घेतलं नाही. मग मी उठून माझं सांगितलं. घरी येताना हे माझ्यापुढे चार पावलं चालत राहिले.

दुसऱ्या दिवशी नलूला घेऊन तांड्यावर गेले. बिजलीबाई अंगणात तूर पाखडत होती. मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. ती पाखडतच राहिली. मग म्हणाली, मले वाटलं होतं, तू म्हणशीन का पोरीले झोप आलती म्हून उचललं. मी तसंच मानून घेतलं असतं. आता सांगाले कायले आली?

मग तीच पाखडता पाखडता बोलली, त्या दिवशी घरी परतल्यावर जमनीने सिनेमात काय होतं असं विचारलं, तर तिने सांगितलं म्हणे, घोडे होते.

एवढ्यात नलू धावत तिच्याकडे गेली. बिजलीबाईने सूप बाजूला ठेवलं, पण हात पुढे केले नाहीत. आधी माझ्याकडे पाहिलं. नलूला घ्यायला तिने आजवर कधी मला विचारलं नव्हतं.

घे ना, मी म्हणाले. तिने घेतलं. पण दादा, ते दोन शब्द म्हणताना माझा आवाज मलाच मालकिणीसारखा वाटला.

माफी मिळाली असं समजू नकोस. माझ्यावरची माया आटू देऊ नकोस, एवढंच मागणं.

तुझी,
इंदू